कुत्र्याला शत्रू कळत नाही, वास कळतो

पापडीहून रिक्षाने वसई रोड स्थानक गाठणाऱ्या नोकरदाराला सकाळी इकडेतिकडे पाहायला सवड नसते. लोकलची वेळ, डब्यातली जागा आणि खांद्यावरची बॅग एवढ्यातच त्याचा जीव अडकलेला असतो. पण स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन किंवा एखादा मोठा सण जवळ आला, की फलाटावर अधूनमधून वेगळे दृश्य दिसते. हातात पट्टा धरलेला पोलीस आणि त्याच्या पुढे नाक खाली घालून चाललेला कुत्रा. बाकड्याखाली तो डोकावतो, कचऱ्याच्या डब्याशी थांबतो, कुणाच्या बॅगेला दोनदा हुंगतो आणि पुढे जातो. कोणी घाबरून पाय मागे घेतो, कोणी मोबाइल काढतो, एखादे लहान मूल त्याच्यापुढे बिस्किट धरते.

पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना या हुंगण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी या मार्गावरच्या लोकलमध्ये अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो जखमी झाली. त्यांतला एक स्फोट मिरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान, गाडी वसईची खाडी ओलांडण्याच्या थोडेच आधी झाला. दोन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्रेडॉर कामाला लागले. या चौघांचे निवृत्तीनंतरचे दिवस वसई रोडच्या पुढे दोनच स्थानकांवर, विरारमधल्या एका फार्मवर गेले.

युद्धात कुत्रा काही नवा नाही. हजारो वर्षांपासून माणूस त्याला रणांगणात नेत आला आहे. कधी त्याच्या दातांचा वापर झाला, कधी पायांचा, कधी नाकाचा. त्यातला कोणता वापर टिकला, कोणता फसला आणि का, याचे उत्तर कुत्र्याच्या मेंदूत आहे.

पाठीवर बांधलेला सुरुंग

कुत्र्याला अक्षरशः हत्यार बनवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न सोव्हिएत रशियाने केला. १९३०च्या दशकात त्याची तयारी सुरू झाली आणि १९४१मध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्यावर हे कुत्रे आघाडीवर पाठवले गेले. पाठीवर दहा-बारा किलो स्फोटके आणि वर उभी असलेली एक दांडी. कुत्रा रणगाड्याखाली शिरला, की दांडी वर अडकून वाकायची आणि स्फोट व्हायचा. रणगाडा निकामी होवो न होवो, कुत्रा वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

शिकवण्याची पद्धत साधी होती. कुत्र्याला उपाशी ठेवायचे आणि त्याचे खाणे रणगाड्याच्या पोटाखाली ठेवायचे. काही दिवसांत रणगाडा दिसला, की कुत्रा त्याच्याखाली धावू लागायचा. घंटा आणि अन्न यांची सांगड घातली, की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे शालेय पुस्तकात आपण वाचतो. तो सिद्धान्त मांडणारे इव्हान पावलोव्ह रशियाचेच. त्यांच्या प्रयोगशाळेतले ज्ञान अशा रीतीने रणांगणावर पोहोचले.

प्रत्यक्ष लढाईत मात्र गोची झाली. सराव झाला होता रशियन रणगाड्यांवर. रशियाचे नवे रणगाडे डिझेलवर चालत, जर्मनांचे पेट्रोलवर. अनोळखी वासाच्या आणि धडधडत येणाऱ्या यंत्राकडे जाण्यापेक्षा काही कुत्र्यांनी ओळखीचा वास जवळ केला. तोफांचा भडिमार सुरू झाल्यावर बरेच कुत्रे बिथरले आणि जिथे सुरक्षित वाटायचे तिथे, म्हणजे आपल्याच माणसांच्या खंदकाकडे धावत परतले. पाठीवर स्फोटके तशीच होती. त्यामुळे आपल्याच कुत्र्यांना गोळ्या घालण्याची वेळ सैनिकांवर आली.

हत्यार उलटण्याचा अनुभव वसईच्या मातीलाही आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तटाखाली सुरुंग पेरले होते. त्यांतले काही वेळेवर उडाले नाहीत. तट फुटला समजून मराठे पुढे धावले आणि मग ते उडाले. त्यात मराठ्यांचीच माणसे गेली. पण सुरुंगाला मन नसते. त्याची वात चुकली एवढेच. कुत्र्याची वात चुकली नव्हती. त्याला जे शिकवले होते आणि त्याच्या स्वभावात जे होते, त्याप्रमाणेच तो वागला. ‘जर्मन’ नावाचा शत्रू त्याला कुणी शिकवला नव्हता आणि शिकवता येणारही नव्हता.

बेटावर फसलेला प्रयोग

तरीही तसे शिकवण्याचा प्रयत्न अमेरिकेने करून पाहिला. दुसऱ्या महायुद्धात १९४२मध्ये मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याजवळच्या कॅट आयलंड या बेटावर लष्कराने कुत्र्यांची छावणी उभारली. जपानी माणसाच्या अंगाला वेगळा वास येतो, कुत्र्यांना तो ओळखायला शिकवले की बेटाबेटांवर लपलेल्या जपानी सैनिकांवर त्यांना सोडता येईल, अशी कल्पना होती. सरावासाठी अमेरिकी लष्करातलेच जपानी वंशाचे सैनिक आणले गेले. स्वतःच्या देशासाठी लढायला निघालेल्या या तरुणांना कुत्र्यांसमोर ‘शत्रू’ म्हणून उभे केले गेले. प्रयोग फसला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळावा लागला.

तो फसणारच होता. प्रत्येक माणसाचा वास वेगळा असतो, हे खरे. त्वचेवरचे जिवाणू, घाम, आहार, औषधे, काही आजार यांतून तो घडतो. म्हणूनच एका माणसाच्या रुमालाचा वास घेऊन कुत्रा गर्दीतून त्याचा माग काढू शकतो. पण देश, वंश किंवा धर्म यांना वास नसतो. माणसाच्या डोक्यातली वैराची रेघ कुत्र्याच्या नाकाला सापडत नाही.

भीती हेच शस्त्र

कुत्र्याचा हत्यार म्हणून सर्वाधिक परिणामकारक वापर झाला तो मात्र नि:शस्त्रांवर. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्याने अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांवर मोठाले मॅस्टिफ कुत्रे सोडले. नाझी छळछावण्यांमध्ये पहारेकऱ्यांच्या हाती कुत्रे असत. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगाची छायाचित्रे २००४मध्ये जगापुढे आली, त्यांत हात बांधलेल्या कैद्यांच्या अंगावर भुंकणारे कुत्रे होते. त्या प्रकरणात कुत्रे हाताळणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालले. या सगळ्या ठिकाणी कुत्रा लढाई जिंकून देत नव्हता. समोरच्याचे धैर्य मोडण्यासाठी तो उभा केला होता.

आजही अनेक सैन्यांकडे हल्ल्यासाठी तयार केलेले कुत्रे आहेत. भारतीय लष्करातही आहेत. ऑक्टोबर २०२२मध्ये काश्मीरच्या अनंतनाग जिल्ह्यात दहशतवादी लपलेल्या घरात ‘झूम’ नावाचा लष्करी कुत्रा पाठवला गेला. दोन गोळ्या लागूनही तो मागे हटला नाही आणि नंतर उपचार सुरू असताना मरण पावला. लष्कराने त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण त्या घरात कोण आहे आणि तिथे का जायचे, हे ठरवणारा कुत्रा नव्हता. निर्णय माणसाचा होता, त्याची जबाबदारीही माणसाचीच असते.

नाकात काय असते?

दात आणि पाय यांच्या तुलनेत कुत्र्याचे नाक युद्धात आणि युद्धाबाहेरही कितीतरी अधिक उपयोगी ठरले. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. लॅब्रेडॉरसारख्या जातीत त्या २० कोटींहून अधिक असतात. फरक केवळ संख्येचा नाही. आपण श्वास घेतो तेव्हा हवा एकाच वाटेने फुप्फुसाकडे जाते आणि वाटेत थोडाफार वास कळतो. कुत्र्याच्या नाकात हवेची वाट दुभागते. बहुतेक हवा फुप्फुसाकडे जाते, तर सुमारे आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या भागातल्या घड्यांमध्ये शिरतो. त्या घड्यांना वास टिपणाऱ्या पेशींचे अस्तर असते. तिथे हवा थोडा वेळ थांबते.

श्वास सोडण्याची तऱ्हाही वेगळी. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने चीर असते. आतली हवा त्या चिरेतून बाजूला निघते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही, उलट नवी हवा आत ओढली जाते. हुंगताना हे चक्र सेकंदाला सुमारे पाच वेळा फिरते. फलाटावरच्या बॅगेजवळ कुत्रा जे दोन क्षण थांबतो, त्यात दहाएक वेळा हवा तपासून होते.

आरडीएक्स नावाचे स्फोटक खोलीच्या तापमानाला हवेत जवळजवळ मिसळतच नाही. मग कुत्र्याला ते कसे सापडते? अनेकदा तो शुद्ध आरडीएक्सचा वास घेत नसतो. ते बनवताना वापरलेले सायक्लोहेक्झानोनसारखे द्रावक आणि मऊपणासाठी मिसळलेली रसायने हवेत सुटतात, तो या मिश्रणाचा वास ओळखतो. आपल्याला स्वयंपाकघरात ‘आमटी’चा वास येतो. कुत्र्याला त्यातली डाळ, हिंग, मोहरी, कढीपत्ता वेगवेगळे कळतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

शिकवण्याची पद्धत मुळात पावलोव्हच्याच घराण्यातली आहे. ठरावीक वास सापडला, की चेंडू किंवा खाऊ मिळतो आणि शाबासकी मिळते. कुत्र्यासाठी हा खेळ असतो. रणगाड्याखालच्या खाण्याची आणि फलाटावरच्या चेंडूची युक्ती एकच. फरक एवढाच, की एका खेळाच्या शेवटी कुत्रा मरतो आणि दुसऱ्याच्या शेवटी त्याला चेंडू मिळतो. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला आणखी एक गोष्ट कटाक्षाने शिकवतात. वास सापडला, की भुंकायचे नाही, पंजा मारायचा नाही. शांतपणे खाली बसायचे. एका धक्क्यानेही बॉम्ब उडू शकतो, म्हणून.

या यंत्रणेला मर्यादाही आहेत. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकत शरीर थंड करतो. धापा टाकताना हवा तोंडावाटे जाते आणि हुंगणे कमी होते. किनारपट्टीच्या दमट उन्हात कुत्रा लवकर दमतो, म्हणून त्याला थोड्या थोड्या वेळाने सावली, पाणी आणि विश्रांती द्यावीच लागते. दमलेल्या कुत्र्याने ‘काही नाही’ सांगितले, तर त्यावर विसंबता येत नाही.

मालकाच्या मनातला संशय

दुसरी मर्यादा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असते. २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कुत्रा आणि त्याचा हाताळणारा अशा १८ जोड्यांची चाचणी घेतली. खोल्यांमध्ये अमली पदार्थ किंवा स्फोटके मुळीच नव्हती. पण वास कुठे असू शकतो, हे हाताळणाऱ्यांना खोटेच सूचित केले होते. अनेक जोड्यांनी काहीच नसलेल्या ठिकाणी ‘सापडले’ असा इशारा दिला आणि असे इशारे हाताळणाऱ्यांना दाखवलेल्या जागांपाशी अधिक होते.

याचा अर्थ कुत्रा खोटे बोलला असा नाही. हजारो वर्षे माणसासोबत राहिल्याने तो आपली मान, नजर, पट्ट्याचा ताण, पाऊल किंचित रेंगाळणे हे सारे वाचतो. साहेबांना इथे काहीतरी हवे आहे, हे त्याला कळते आणि तो ते देतो. म्हणजे कुत्र्याच्या नाकात वंशभेद नसला, तरी माणसाचा पूर्वग्रह पट्ट्यावाटे त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. हाताळणाऱ्याचे प्रशिक्षण कुत्र्याच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

जंजीर आणि चौघे

मुंबईने या नाकाचे मोल पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिले ते १९९३मध्ये. १२ मार्चच्या साखळी स्फोटांनंतर शहरात आणि ठाणे परिसरात दडवलेली शस्त्रे आणि स्फोटके शोधण्याच्या कामात ‘जंजीर’ हा लॅब्रेडॉर होता. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधल्याची नोंद आहे. यातली किती स्फोटके किती जणांच्या जिवावर उठली असती, याचा हिशेब मांडता येत नाही. नोव्हेंबर २०००मध्ये जंजीर हाडांच्या कर्करोगाने गेला. फुलांनी झाकलेल्या त्याच्या देहाला वरिष्ठ पोलीस अधिकारी निरोप देत असल्याचे छायाचित्र आजही अनेकांच्या लक्षात आहे.

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर यांना ठिकठिकाणी नेले गेले. चकमकी सुरू असताना आणि संपल्यानंतरही शोध चालूच होता. ताज हॉटेल परिसरात आठ किलो आरडीएक्सचा बॉम्ब आणि हातबॉम्ब शोधण्याचे श्रेय मॅक्सला दिले जाते. पण त्याच हल्ल्यातली दुसरी गोष्टही विसरू नये. सीएसटी स्थानकावर जमा केलेल्या बेवारस सामानात एक जिवंत बॉम्ब ३ डिसेंबरला, म्हणजे आठवडाभराने सापडला. तोवर स्थानक पुन्हा गजबजले होते. नाक कितीही तीक्ष्ण असले, तरी ते जिथे नेले जाते तिथेच काम करते. कुठे न्यायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

निवृत्तीनंतर काय?

कुत्र्याला हत्यार समजले, की त्याचे पुढे काय होते, याचा दाखला व्हिएतनाम युद्धात मिळतो. अमेरिकेने तिथे चार हजारांच्या आसपास कुत्रे वापरले. मायदेशी परतले जेमतेम दोनशे. बाकीच्यांतले अनेक तिथेच मेले, उरलेल्यांची गणना ‘शिल्लक सामान’ म्हणून झाली आणि त्यांना मारून टाकले किंवा मागे सोडले. आपल्याकडेही लष्करातल्या निकामी झालेल्या कुत्र्यांना दयामरण दिले जाई, हे २०१५मध्ये माहिती अधिकारातून पुढे आले. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर निवृत्त कुत्र्यांना मेरठमधल्या लष्करी केंद्रात सांभाळण्याची आणि दत्तक देण्याची वाट रुंदावली.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, आरोग्याचाही आहे. सतत उड्या, पायऱ्या, कठीण फरशी यामुळे कामाच्या कुत्र्यांचे सांधे लवकर झिजतात. मोठ्या जातींमध्ये कंबरेचे दुखणे आणि काही प्रकारचे कर्करोगही आढळतात. मनावरही ओरखडे राहतात. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांमध्ये अमेरिकी लष्करी पशुवैद्यांना युद्धोत्तर मानसिक आघातासारखी लक्षणे दिसली. आवाजाने थरथरणे, पूर्वी सहज जायचे त्या इमारतीत पाऊल न टाकणे, एकाएकी चिडणे किंवा माणसाला चिकटून बसणे. हे कुत्रे आळशी किंवा हट्टी झालेले नसतात. ते आजारी असतात आणि विश्रांती, औषधे, हळूहळू दिलेली सवय यांनी त्यांतल्या अनेकांना बरे वाटते.

मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर विरारला आले ते या विश्रांतीसाठी. तिथे त्यांना शोधायला काही नव्हते. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. टायगर गेल्यावर सीझर खिन्न झाला, असे त्या वेळच्या बातम्यांत म्हटले होते. ऑक्टोबरमध्ये हृदयविकाराने तोही गेला. ज्याने कधी शत्रू ओळखला नाही, त्याला सोबती मात्र नेमका कळत होता.

फलाटावर पुढच्या वेळी असा कुत्रा दिसला, तर त्याच्यासाठी तीन गोष्टी सहज करता येतात. त्याला हाक मारू नये, हात लावू नये आणि खायला घालू नये. बिस्किटाने त्याचे लक्ष उडते आणि शोध तुटतो. त्याला वाट द्यावी, बॅग जमिनीवर ठेवून शांत उभे राहावे. आसपास बेवारस वस्तू असेल, तर तिला हात न लावता कुत्र्यासोबतच्या पोलिसाला सांगावे. दोनदा हुंगून तो पुढे गेला, की पापडीच्या प्रवाशाने आपली नेहमीची लोकल पकडावी. आपण किती जणांचा प्रवास सुरक्षित केला, हे त्या कुत्र्याला कधीच कळत नाही. त्याचे लक्ष असते पोलिसाच्या खिशातल्या चेंडूकडे.